दुसरी प्रत

पाकिटात दोन प्रती असणार हे धाकटीला ठाऊक होतं. दुसरी भरून तयार असेल, हे ठाऊक नव्हतं.

बुधवारी स्वतःची प्रत भरून कामावर जाताना तिनेच ते पाकीट जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीला टेकवून ठेवलं होतं. लेकीबद्दलच्या, ससुलीबद्दलच्या प्रश्नावलीची एक प्रत आईने, म्हणजे तिने भरायची, दुसरी घरातल्या आणखी कुणा मोठ्या माणसाने, असं मुलांना तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. नवरा म्हणाला होता, बघू. सासूबाई म्हणाल्या होत्या, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि आज रविवारी, उद्या दहाची वेळ गाठायची म्हणून तिने पाकीट उघडलं, तर चाळीसच्या चाळीस प्रश्नांपुढे पेन्सिलीच्या खुणा. एकही प्रश्न सोडलेला नाही. खाली नाव नाही, सही नाही.

खोलीचं दार लोटून ती पलंगावर बसली आणि तिने दोन्ही प्रती मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिची चौदा वर्षं गेली होती. एकाच नळीतल्या रक्ताचे दोन आकडे वेगळे आले की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग द्रावणावर, मग नळीवरच्या चिठ्ठीवर, आणि माणसावर सगळ्यात शेवटी, असा तिथला शिरस्ता होता. आज मात्र तिने सुरुवातच माणसापासून केली.

पहिले बारा प्रश्न कान, त्वचा, नाक आणि जिभेचे होते. 'अचानक मोठा आवाज झाला की कान झाकतो किंवा झाकते': नेहमी. 'कपड्याच्या आतली पट्टी किंवा शिवण टोचते': नेहमी. 'ताटातले दोन पदार्थ एकमेकांना लागले तर खात नाही': नेहमी. इथवर भांडायला जागा नव्हती. ससुलीच्या प्रत्येक फ्रॉकची पट्टी धाकटीने स्वतः कात्रीने उसवून काढली होती. आठ वर्षांची पोर, पण मटाराचा एक दाणा बटाट्याला चिकटला तर अख्खं ताट सरकवायची. ससुली हे नावही त्या कानांवरूनच पडलं होतं.

तेराव्या प्रश्नापासून मात्र सगळे प्रश्न माणसांचे होते. 'थट्टा केली तर कळत नाही': नेहमी. 'बोलताना आपली पाळी कधी आली हे समजत नाही': नेहमी. 'पाहुणे आले की दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो किंवा बसते': नेहमी. 'ठरलेल्या क्रमात बदल झाला की दिवस बिघडतो': नेहमी. 'खोट्या-खोट्याचे खेळ खेळतो किंवा खेळते': कधीच नाही.

कधीच नाही! त्याच क्षणी पलीकडच्या खोलीत ससुली एका उशीला दम देत होती. "गोळी जिभेखाली लपवलीत ना? मला सगळं दिसतंय. आ करा बघू." आवाज हुबेहूब धाकटीचा होता, लॅबमधला. संशयाचं बाळकडू या घरात पोरांनाही मिळत होतं.

मग हे कोणी लिहिलं? आणि कशासाठी?

कशासाठी याचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. तीन आठवड्यांपूर्वी शाळेत आगीच्या सरावाची घंटा वाजली. ससुली बाकाखाली शिरली, आणि ओढून काढायला आलेल्या मुलीच्या हाताला कडकडून चावली. घरी पत्र आलं. मुख्याध्यापिका गोड बोलल्या, "अहवाल येऊ दे, मग कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवू." दुसरा वर्ग म्हणजे विशेष मुलांचा, पटांगणापलीकडच्या बैठ्या इमारतीतला. तिकडे गेलेलं मूल परत इकडे आल्याचं धाकटीने कधी ऐकलं नव्हतं. त्या वर्गाला किमान आठ मुलं लागतात आणि सध्या सातच आहेत, हे तिला फाटकाशी उभ्या असलेल्या एका आईकडून कळलं होतं. आठवं मूल मिळालं नाही तर सुट्टीनंतर वर्ग बंद. आणि त्या वर्गाच्या शिक्षिका कोण, तर तिच्या सख्ख्या नणंदबाई. ते आठवं मूल कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

जिन्यावर चपला वाजल्या. दर रविवारसारख्या वन्सं आल्या होत्या. धाकटीने दोन्ही प्रती पाकिटात घातल्या आणि पाकीट घेऊनच ती बाहेर आली.

जेवणाच्या टेबलावर कांबळ्यासारखं जाड कापड अंथरलेलं असे, आणि वाढायला लाकडी चमचे. या घरात ताटाचा आवाज होत नसे. पहिल्यांदा येणारे पाहुणे म्हणत, तुमच्याकडे वाचनालयात जेवल्यासारखं वाटतं. सासूबाईंची टापटीप, असं धाकटी दहा वर्षं समजत आली होती. थोरली जाऊ वेगळी झाल्यापासून सून म्हणून ती एकटीच उरली होती, तरी नाव धाकटीच राहिलं होतं. या घरात लागलेली कुठलीच गोष्ट सहसा बदलत नसे.

ससुलीला आधी जेवायला घालून आत पाठवलं होतं. तिचे सासरे, आबा, अजून खाली पंपांच्या वर्कशॉपमध्येच होते. ते साडेबाराला वर येत, बरोब्बर.

"वन्सं, बुधवारी मी ड्यूटीवर असताना तुम्ही आला होतात ना?" धाकटीने भांड्यात पाणी ओतत विचारलं.

"आले होते. आईचं औषध द्यायला. का गं?"

"काही नाही. टेबलावर एक कागद होता."

वन्संनी हातातला घास ताटात ठेवला. "तुझं 'काही नाही' ऐकलं की मला आमच्या मुख्याध्यापिका आठवतात. सरळ विचार की."

"अगं, जेवू तर दे तिला," नवरा म्हणाला. तो ताटाकडे बघूनच बोलत होता. लग्नापासून कुठल्याही भांडणात तो आधी ताटात शिरायचा आणि मग ज्याचा आवाज चढेल त्याच्या बाजूने बाहेर यायचा.

धाकटीने दुसरी प्रत काढून वन्संसमोर ठेवली. "हे तुम्ही भरलंत?"

वन्संनी हात पुसले आणि वाचायला सुरुवात केली. सावकाश, एकेक ओळ. तेराव्या प्रश्नाच्या पुढे त्यांच्या कपाळावर आठी आली. धाकटी ती आठी बारकाईने बघत होती. खरी असावी. पण वीस वर्षं वर्गापुढे उभं राहिलेल्या बाईला आठी घालायला कितीसा वेळ लागतो?

"हे मी भरलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "ही ससुली नाहीच. ही कोण आहे कोण जाणे." मग त्यांनी पाकिटातली पहिली प्रत ओढून घेतली. "आणि ही तुझी? अचानक मोठा आवाज... कधीकधी?"

धाकटीने रिकामं पाकीट स्वतःकडे ओढलं.

"कधीकधी? त्या बाकाखालून तिला मी बाहेर काढलंय गं. पाऊण तास माझ्या मांडीवर थरथरत होती. पट्टी टोचते... कधीकधी! वास सहन होत नाही... क्वचित! बाई गं, हे तर धडधडीत खोटं आहे."

"ताईचं बरोबर आहे," नवरा ताटातून बाहेर आला. "कधीकधी कसं लिहिलंस तू?"

"तुम्ही बोलू नका. तुम्हाला भरायला दिला होता तेव्हा बघू म्हणालात."

"म्हणून तू खोटं लिहायचं?"

"मग काय लिहू?" धाकटीचा आवाज फुटला. "सगळीकडे नेहमी लिहिते, तिला पटांगणापलीकडे धाडा आणि यांचे आठ पूर्ण करा! सात आहेत ना, वन्सं? मला कळलंय. आठवी घरातच आहे, शोधायला लांब कशाला जायचं?"

जाड कापडामुळे शांतताही या घरात जरा जास्तच खोल होत असे.

"सातच आहेत," वन्सं हळू म्हणाल्या. "वर्ग बंद झाला तर मी या बाजूला शिकवीन. माझी नोकरी कुठे जात नाही. त्या सातजणांना मात्र घंटेखाली बसावं लागेल. आमच्याकडे घंटा नाही, माहितेय तुला? तास संपला की दिवा लागतो. येऊन बघितलंस कधी? फाटकाशी उभी राहून ऐकतेस तेवढं."

"म्हणजे तुम्हाला ती हवीच आहे तिकडे."

"मला तिचं खरं काय ते कळायला हवंय. तुला नकोय."

सासूबाई आतापर्यंत वाढत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "फाडून टाका तो कागद. उद्या त्या बाईंकडून कोरा मागून घ्या. कशाला एका कागदावरून रविवारी वाद?" आणि बोलता बोलता त्यांच्या हाताने दुसरी प्रत अलगद ओढून टेबलावरच्या कापडाखाली सरकवली.

धाकटीला ते दिसलं. वन्संना पण दिसलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि घटकाभरापूर्वी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या त्या दोघी एकाच वेळी सासूबाईंकडे वळल्या.

"आई, कोणी भरलाय ते तुला माहितेय," वन्सं म्हणाल्या.

"मला काय माहीत? मला तर चष्म्याशिवाय..."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे, आई," धाकटी म्हणाली.

नवऱ्याला ठसका लागला. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला, जणू तो आत्ताच सापडला होता. "मी नाही भरलेला," त्या म्हणाल्या. "देवाशपथ. पण जाऊ दे ना तो कागद. त्याने ससुलीचं काही भलं व्हायचं नाही आणि दुसऱ्या कुणाचंही."

दुसऱ्या कुणाचं? धाकटीच्या मनात तो शब्द खड्यासारखा अडकला. पण विचारायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. साडेबारा. सगळ्यांचे आवाज आपोआप उतरले, कुणी न सांगता.

आबा आत आले. तोच करडा सुती शर्ट, धुऊन धुऊन मऊ पडलेला. तसले सहा होते त्यांच्याकडे. हातात लांब स्क्रूड्रायव्हर. मोटारीच्या अंगाला टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतलं ऐकायचं, असं त्यांचं काम. गावोगावचे पंप त्यांच्या कानाखालून गेलेले. कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "मागचं बेअरिंग गेलंय. दोन दिवस टिकेल." मग त्यांची नजर रिकाम्या पाकिटावर गेली.

"माझा कागद कोणी काढला?"

"तुमचा?" धाकटीने विचारलं.

"बुधवारी भरला. पेन्सिलीने आहे, एकदा तपासून शाईने पक्का करायचा होता. बत्तिसाव्याबद्दल माझी खात्री नाही."

सासूबाईंनी कापडाखालची प्रत आपणहून बाहेर काढून ठेवली.

"आबा," धाकटीला शब्द जुळवावे लागले, "ससुलीला थट्टा कळत नाही? काल संध्याकाळी तिने तुमच्या चालण्याची नक्कल केली तेव्हा सगळे हसलो ना आपण? पाहुणे आले की ती आत पळते? ती तर दारातच त्यांची मुलाखत घेते. असं कसं लिहिलंत तुम्ही तिच्याबद्दल?"

"तिच्याबद्दल कुठे लिहिलंय?"

"मग?"

"माझं लिहिलंय."

वन्संनी ती प्रत परत स्वतःकडे ओढली.

"शिवण टोचते का, असं विचारलंय," आबा समजावू लागले, नव्या कारागिराला समजावत तसं. "ससुलीला टोचते की नाही हे तिच्या अंगाला माहीत. मला कसं कळणार? मला माझं माहीत आहे. ऐकीव लिहायचं नाही."

वर्कशॉपच्या भिंतीवर तेच रंगवलेलं होतं: 'स्वतः ऐकाल तेच लिहा.' मोटार तपासल्यावर जी चिठ्ठी भरायची, तिच्यात गिऱ्हाईक काय म्हणालं ते लिहिणाऱ्या एका चांगल्या कारागिराला आबांनी दोन महिने चिठ्ठीला हात लावू दिला नव्हता. त्या नियमाने या घरात दोन पिढ्या वाढल्या होत्या, आणि तो प्रश्नावलीवर कुणी लावील हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. धाकटी खुर्चीत मागे टेकली. नमुनाच दुसऱ्याचा होता. लॅबमध्ये हे तिला पहिल्या मिनिटाला सुचलं असतं.

"हे प्रश्न काढले कोणी?" आबांनी विचारलं. "आपल्या घरी राहून गेल्यासारखे आहेत."

वन्सं दोन्ही प्रती परत जुळवत होत्या. "गंमत बघ," त्या धाकटीला म्हणाल्या, आणि आवाजात आता धार नव्हती. "पहिल्या बारांत आबा आणि ससुली सारखेच. म्हणजे तू खरं लिहिलं असतंस तर. पुढे वाटा फुटतात. तुला त्या बाईंनी सांगितलं नाही का काही?"

सांगितलं होतं. स्वमग्नतेच्या स्पेक्ट्रमवर असणाऱ्या बहुतेकांना आवाज, स्पर्श, वास वेगळे जाणवतात, काहींना फार जास्त, काहींना उलट कमी. पण ज्यांना फार जाणवतं ते सगळेच स्पेक्ट्रमवर असतात असं नाही. म्हणून तर बारांनंतर आणखी अठ्ठावीस. धाकटीने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं होतं आणि त्याच्या भीतीने दुसरं विसरली होती.

"तापासारखं," ती म्हणाली. "टायफॉइडमध्ये ताप असतो. पण ताप आला म्हणजे टायफॉइडच, असं नाही."

"आजाराची उपमा नको," वन्सं म्हणाल्या. "दुसरी शोध."

"बेअरिंग गेलं की आवाज येतो," आबा म्हणाले. "पण आवाज आला म्हणजे बेअरिंगच असं नाही. कधी नुसता बोल्ट सैल असतो."

"आबा, बिघाडाची पण नको."

"मग चांगली तुम्ही शोधा. बारा पस्तीस झाले. मला जेवायचंय."

ते आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसले, खिडकीकडे पाठ करून. सासूबाईंनी ताट मांडलं. तीन पदार्थ, तीन वाट्यांत. धाकटी त्या वाट्यांकडे बघत राहिली. दहा वर्षं रोज बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती सासूबाईंना म्हणाली.

"नाव नव्हतं माहीत," सासूबाई म्हणाल्या. त्या टेबलाशी बसल्या. आबा जेवत असताना त्या कधी बसत नसत. "लोक विचारायचे, लग्नकार्याला हे का येत नाहीत, कुणाशी बोलत का नाहीत. मी सांगायचे, फार तापट आहेत. शेचाळीस वर्षं सांगतेय. आयुष्यात एकदाही आवाज न चढवलेला माणूस! पण तापट म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. दुसरं काही म्हटलं असतं तर यांच्याकडे मोटार कोणी आणली असती? बुधवारी कागदावर वाकलेले बघितले तेव्हाच मला धडकी भरली."

आबा जेवायचे थांबले. "मला वाटायचं, हे सगळ्यांनाच होतं," ते वाटीकडे बघत म्हणाले. "पट्टी सगळ्यांनाच टोचते. घंटा सगळ्यांच्याच दातांत शिरते. बाकीचे सहन करतात, मला जमत नाही. असं वाटायचं." मग त्यांनी विचारलं, "त्या बाई मोठ्या माणसांना बघतात का?"

"अहो, या वयात काय करायचंय?" सासूबाई घाईने म्हणाल्या.

"वयाची अट कागदावर नाही. मी शोधली."

नवरा उठला आणि पाण्याचा तांब्या घेऊन बापाशेजारी जाऊन उभा राहिला. आबांचं भांडं भरलेलंच होतं. "मी विचारतो उद्या," तो म्हणाला. "तुमचा कागद वेगळ्या पाकिटात घालू."

म्हणजे ससुलीची दुसरी प्रत उरलीच नव्हती.

धाकटीने स्वतःची प्रत पुढे ओढली. पेन काढलं. लॅबमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची, खरं शेजारी लिहायचं आणि सही करायची. तिने पहिल्या बारांतल्या नऊ खुणांवर रेघा मारल्या, नऊदा नेहमी लिहिलं, नऊ सह्या केल्या. मग तिने ससुलीच्या वहीतून कोरा कागद फाडून आणला, त्यावर एक ते चाळीस आकडे घातले आणि प्रश्नांचा कागद नि तो वन्संसमोर ठेवला.

"तुम्ही भरा."

वन्संनी वर बघितलं. त्या नजरेत आनंद नव्हता. डाव काय आहे याचा अंदाज घेणं होतं.

"आत्ताच तर म्हणत होतीस, ताईला आठवी मुलगी हवी आहे म्हणून," नवरा म्हणाला.

"अजूनही म्हणतेय."

"मग?"

"पाऊण तास त्या तिच्याजवळ होत्या. मी ऐकलंय फक्त." धाकटी उठली. "वन्सं, पटांगणापलीकडचा वर्ग मी येऊन बघेन. पण आधी हे भरा. मी वाचणार नाही. पाकीट चिकटवूनच द्या."

ती स्वयंपाकघरात गेली आणि टेबलाकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. नळ सोडला, आणि ऐकू येईना म्हणून बंद केला. बाहेर पेन चालू झालं होतं. कोऱ्या कागदाखाली जाड कापड, त्यामुळे आवाज अगदी बारीक येत होता. कधीच नाही लिहिलं की नेहमी, ते त्यावरून कळत नव्हतं. ती नुसत्या ओळी मोजत राहिली. बारा झाल्या. तेरा, चौदा, पंधरा भराभर झाल्या. एकोणिसाव्याशी, ठरलेला क्रम बदलण्याच्या प्रश्नाशी, पेन थांबलं.

बराच वेळ थांबलं. धाकटीने ओट्याची कड धरली, पण ती वळली नाही.